दातेरी पट्टा : ऐकण्याकडून नोंदीकडे

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा शोधांच्या तारखा मोजतो. कोणी, कधी, काय शोधले एवढे सांगितले की प्रकरण संपले, असे मानण्याची आपली सवय आहे. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात या सवयीवर नेमके बोट ठेवले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात वापर आणि देखभाल यांनाही शोधाइतकेच स्थान हवे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पण देखभालीच्या इतिहासाची साधने कोणती? दुरुस्ती करणारे हात सहसा लिहीत नाहीत. हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो आमच्या जुन्या मोटारीचा टायमिंग बेल्ट तुटला तेव्हा.

इंजिनात पिस्टनची वरखाली ही क्रँकशाफ्टशी बांधलेली असते आणि व्हॉल्व्हची उघडझाप कॅमशाफ्टशी. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी व्हायला हवी. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. ही लय सांभाळण्याचे काम पूर्वी गिअर किंवा चेन करी. चेनला तेल लागे, तिचा आवाज होई. पण झिजलेली चेन खडखडू लागे आणि जाणत्या कानाला वेळीच सावध करी.

रबरी दातेरी पट्ट्याचे मूळ मोटारीत नाही. अमेरिकेत १९४०च्या दशकात तो शिवणयंत्रासाठी घडला. सुई आणि खालचा दोरा यांचा मेळ चुकू नये, एवढेच त्याचे काम होते. विक्रीच्या मोटारीत कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी तो प्रथम आणला जर्मनीतील डिंगोल्फिंगच्या ग्लास कंपनीने, १९६२च्या 'ग्लास १००४' या गाडीत. ही कंपनी मूळची शेतीची अवजारे बनवणारी. १९६६ साली ती बीएमडब्ल्यूने विकत घेतली. त्याच वर्षी अमेरिकेत पाँटिअ‍ॅकच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात आणि इटलीत फियाटच्या ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी रचलेल्या दोन कॅमशाफ्टच्या इंजिनात हा पट्टा आला. तो स्वस्त, हलका आणि जवळजवळ निःशब्द होता. आपल्याकडे अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी चेनच्या पिढीतल्या. सामान्य घरांत पट्टा पोचवला तो १९८३च्या अखेरीस आलेल्या मारुती ८००ने.

या निःशब्दतेची किंमत मात्र होती. पट्टा बहुधा सूचना न देता तुटतो. ज्या इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह यांची जागा एकच, वेळ मात्र वेगळी असते, तिथे पट्टा तुटताच दोघांची टक्कर होते आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून पट्टा तुटण्याआधी, ठरलेल्या किलोमीटरनंतर किंवा ठरलेल्या वर्षांनी बदलायचा असतो. चेनच्या काळात ज्ञान कानात होते. पट्ट्याच्या काळात ते नोंदीत गेले. आमची गाडी दुसऱ्या मालकाकडून घेतलेली, नोंद कुठेच नव्हती. इतिहास नसलेल्या यंत्रावर आम्ही विसंबलो होतो.

घरी दुरुस्ती करायची तर पुस्तक हवे. ही परंपराही त्याच काळातली. जॉन हेन्स या इंग्लिश प्रकाशकाने १९६६ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीची पुस्तिका काढली. गाडी प्रत्यक्ष सोडवून, पुन्हा जोडून, त्या अनुभवावरून लिहायचे, ही तिची पद्धत. न लिहिणाऱ्या हातांना तिने लेखणी दिली, असे म्हणता येईल.

आम्ही तशाच एका पुस्तिकेबरहुकूम, इंजिन थंड असताना, बॅटरीची तार काढून काम सुरू केले. बाहेरचे पट्टे, क्रँकची पुली आणि प्लास्टिकचे झाकण उतरवले. कॅमशाफ्ट फिरवण्यापूर्वी क्रँकशाफ्ट पाव फेरी मागे घेतला, म्हणजे सर्व पिस्टन मधोमध येतात आणि नवी टक्कर होत नाही. मग दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळवल्या, पट्टा चढवला, टेन्शनरने ताण दिला आणि पान्याने इंजिन हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवले. अडकले तर जोर करायचा नाही, हा नियम. खुणा पुन्हा जागेवर आल्या. इंजिन सुरूही झाले, पण लंगडत. कॉम्प्रेशन मोजले तेव्हा एका सिलिंडरमध्ये दाबच नव्हता. व्हॉल्व्ह तुटण्याच्या क्षणीच वाकला होता. खुणा अचूक जुळवून तो सरळ होणार नव्हता. हेड उतरवून वर्कशॉपमध्ये न्यावे लागले, आणि तो खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट झाला.

संहितेच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काही दिसेल. गाळलेला मजकूर पुढे कितीही काळजीने संपादन केले तरी परत येत नाही. तो गळू नये म्हणून आधीच जपावे लागते. अनेक मेकॅनिक पट्टा बदलल्यावर झाकणावर तारीख आणि किलोमीटर लिहून चिकटवतात. देखभालीच्या इतिहासाचे साधन ते हेच : दोन आकडे, बहुधा सही नसलेले, पुढच्या अनोळखी मालकासाठी ठेवलेले.

आम्हीही झाकण बसवल्यावर त्यावर तेवढेच लिहिले.