सियालदह : साथीच्या काळात भाषा आणि ग्रंथालय

कोलकात्यातील सियालदह स्थानकाबाहेर क्षणभर थांबलात, तर बंगाली, हिंदी आणि उर्दू एकाच वेळी कानांवर पडतात. अशा वस्तीत साथ आली, तर सूचना कोणत्या भाषेत द्यायची? हा प्रश्न जुना आहे.

१. देशी भाषेतील वैद्यक

कलकत्ता मेडिकल कॉलेज १८३५ मध्ये स्थापन झाले. तेथील शिक्षण इंग्रजीत होते. पुढे हिंदुस्थानी आणि १८५२ पासून बंगाली वर्ग निघाले. बंगाली वर्ग १८७३ मध्ये सियालदहला हलवला गेला आणि त्यातून कॅम्बेल मेडिकल स्कूल उभे राहिले. आजचे नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालय ते हेच. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातही १८६१ मध्ये मराठी व गुजराती वर्ग सुरू झाले होते. वर्ग देशी भाषेत, म्हणून पाठ्यपुस्तकेही त्याच भाषेत लागली.

२. प्लेगचे पत्रक

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली सैनिकांनी घरांच्या झडत्या घेतल्या. लोकांचा संताप उसळला आणि २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात प्लेग आला, तेव्हा सक्तीने लस टोचतील या अफवेने लोक शहर सोडू लागले. या वेळी स्वामी विवेकानंदांनी काढलेले पत्रक बंगाली आणि हिंदी अशा दोन भाषांत छापले गेले. भिऊ नका, घर स्वच्छ ठेवा, अफवांवर विश्वास ठेवू नका, असा त्याचा आशय होता. १८९९ मध्ये भगिनी निवेदितांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून वस्त्यांची सफाई केली. दोन्ही शहरांतील फरक लक्षात घ्या : औषधाइतकाच विश्वासही लागतो आणि तो लोकांच्या भाषेतून येतो.

३. ग्रंथालयाचे काम

पत्रक वाटले की काम संपत नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याला ते वाचून दाखवावे लागते. माहिती बदलली की जुने पत्रक काढून नवे ठेवावे लागते. आणि साथ ओसरल्यावर ते जपावेही लागते, नाहीतर पुढच्या साथीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ही तिन्ही कामे ग्रंथालय करू शकते. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, अशी अपेक्षा आहे. ज्याच्या भाषेत पुस्तकच नाही, त्याच्यासाठी हे सूत्र अपुरेच राहते. महाराष्ट्रात १९६७ मध्ये आणि पश्चिम बंगालमध्ये १९७९ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. म्हणजे शासनाची चौकट आहे. प्रश्न आहे तो कपाटात काय आहे याचा.

स्वाध्याय

१. पुणे व कलकत्ता येथील प्लेगच्या वेळच्या उपायांची तुलना करा.
२. तुमच्या गावच्या ग्रंथालयात आरोग्यविषयक पुस्तके कोणकोणत्या भाषांत आहेत, ते पाहा. गावात बोलली जाणारी कोणती भाषा त्यांत नाही?