नेपोलियनच्या जागी पालखेड

इतिहासात 'जर-तर'ला स्थान नसते, असे आपल्याकडे वारंवार बजावले जाते. संगणकावरील रणनीतीचे खेळ मात्र या जर-तरवरच उभे असतात. 'टोटल वॉर' ही क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीची मालिका त्यांतील अग्रगण्य म्हणावी लागेल. 'शोगुन' (२०००), 'मिडीव्हल' (२००२) आणि 'रोम' (२००४) या भागांनी तिला निष्ठावंत खेळाडू मिळवून दिले. नकाशावर पाळीपाळीने राज्यकारभार करायचा आणि दोन फौजा भिडल्या की रणांगणावर प्रत्यक्ष सेनापतित्व करायचे, ही तिची रीत.

मार्च २००९ मध्ये या मालिकेत 'एम्पायर' आला. काळ १७०० ते १७९९. युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान असे तीन नकाशे. ज्या सत्ता खेळाडूला चालवता येत, त्यांत ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया यांच्या पंक्तीला मराठेही होते. अठराव्या शतकाचा जागतिक इतिहास मराठ्यांना वगळून मांडता येत नाही, हे एका परदेशी खेळाने मान्य केले होते. त्यात दोष पुष्कळ होते. पण पुढच्या भागात ते सुधारतील अशी आशा वाटत होती. पुढचा भाग फेब्रुवारी २०१० मध्ये आला. त्याचे नाव 'नेपोलियन'. त्याच्या नकाशातून हिंदुस्थान नाहीसा झाला होता.

ही तक्रार केवळ प्रांताभिमानाची असती तर ती लिहून काढण्याचे कारण नव्हते. प्रश्न असा की, नेपोलियनची कथा तरी हिंदुस्थान वगळून पूर्ण होते काय? १७९८ मध्ये तो इजिप्तमध्ये उतरला, तेव्हा त्याच्या नजरेसमोर इंग्रजांचा हिंदुस्थानकडे जाणारा मार्ग होता. १७९९च्या जानेवारीत त्याने टिपू सुलतानला पत्र पाठवले. मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले. त्या मोहिमेत असलेला आर्थर वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता झाला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी जी लढाई दिली, तीत त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. उतारवयात त्याला आपली सर्वोत्तम लढाई कोणती असे विचारले असता, त्याने वॉटर्लूचे नव्हे तर असईचे नाव घेतले, असे सांगितले जाते. समोरच्या कवायती पायदळाचा मुख्य अधिकारी पोलमन हा हॅनोव्हरचा. ते पायदळ महादजी शिंद्यांसाठी उभारणारा डी बॉईन हा सव्हॉयचा. युरोपचे युद्ध आणि दख्खनचे युद्ध ही एकाच वस्त्राची दोन टोके होती. 'नेपोलियन'ने त्यातले एक टोक कापून टाकले.

याहून मोठी विसंगती खेळाच्या रचनेत आहे. 'नेपोलियन'ने एक नवी गोष्ट आणली : रशियाच्या थंडीत किंवा इजिप्तच्या वाळवंटात तळ पडला, की लढाई न होताच फौज झिजू लागते. भूगोल हाही शत्रू असतो, हे या मालिकेने त्या वेळी गांभीर्याने घेतले. मराठी युद्धकलेचा तर हाच गाभा होता! १७२८च्या फेब्रुवारीत बाजीरावाने निजामाला पालखेडजवळ कोंडले, ते तोफेला तोफ भिडवून नव्हे. खानदेश-गुजरातच्या बाजूने दौडत त्याने शत्रूला आपल्यामागे ओढले, अवजड तोफखाना मागे ठेवायला लावला आणि मग त्याचे अन्नपाणी तोडले. पुढच्याच महिन्यात मुंगी-शेवगावचा तह झाला. १७७९च्या जानेवारीत वडगावला इंग्रज फौज शरण आली, तेव्हाही तिच्यापुढची तळेगावची वस्ती रिकामी केलेली होती. आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊसाहेबांची फौज उतरली, ती रसद तुटून उपासमार झाल्यावर. ज्या डावाने आपण निजामाला हरवले, तोच डाव अब्दालीने आपल्यावर उलटवला. 'एम्पायर'मध्ये मराठे होते, पण झीज नव्हती. 'नेपोलियन'मध्ये झीज आली, तेव्हा मराठे नव्हते.

मला हवा असलेला पुढचा भाग याच दुव्यावर उभा राहिला असता. मात्र तेवढ्याने भागले नसते. या खेळांच्या नकाशावर प्रत्येक प्रांताला एकच धनी असतो. प्रांत जिंकला की त्याचा रंग बदलतो आणि सगळा कर नव्या धन्याकडे जातो. मराठी सत्ता या साच्यात बसत नाही. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, तेव्हा ते सुभे मराठ्यांचे झाले नाहीत. ते मोगलांचेच राहिले. मात्र महसुलाच्या २५ टक्के चौथाईवर आणि १० टक्के सरदेशमुखीवर मराठ्यांचा हक्क प्रस्थापित झाला. शिवाय चौथाईचीही वाटणी होई : २५ टक्के राजबाबती, ६ टक्के साहोत्रा पंतसचिवांचा, ३ टक्के नाडगौडा राजाच्या मर्जीतल्यांना, आणि उरलेला ६६ टक्के मोकासा सरदारांना. म्हणजे एकाच गावच्या धान्यावर सुभेदार, छत्रपती आणि सरदार या सर्वांचे हात. हा प्रांत कोणत्या रंगाने रंगवायचा?

सरदारांचीही तीच गत. खेळात या सत्तेला 'मराठा कॉन्फेडरसी' म्हटले आहे. १७०० साली असे काही अस्तित्वात नव्हते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचा मृत्यू झाला; औरंगजेब एकेक किल्ला घेत होता आणि ताराबाई राज्य तगवून धरत होत्या. मराठामंडळ पुढच्या काळात आकाराला आले. आले तेव्हा त्याचे खरे नाट्य आज्ञा मोडण्यात होते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि वर्षअखेरीस त्याने वसईचा तह केला. १८०३च्या युद्धात शिंदे-भोसले लढत असताना होळकर बाजूला राहिले आणि १८०४ मध्ये एकटे लढले. खेळात मात्र खेळाडूने बोट दाखवले की प्रत्येक फौज निमूट चालू लागते. ज्या राज्यात हुकूम सुटतो, पण पाळला जाईलच याची खात्री नसते, असे राज्य चालवायला देणारा खेळ मला हवा होता.

येथवर दोष परदेशी कंपनीचा. पण थोडे आत वळून पाहिले की अस्वस्थ वाटू लागते. 'एम्पायर' खेळताना आपल्याला आनंद कशाचा होतो? अटकेपर्यंत एकच रंग पसरवण्याचा. आपल्या मनातला अठराव्या शतकाचा नकाशाही तसाच एकरंगी असतो. त्या रंगाखाली चौथाई देणारे गाव दिसत नाही. १७४२ ते १७५१ या वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगाल होरपळला. तिथल्या लोकस्मृतीत 'बर्गी' हा शब्द आजही मुलांना भीती घालणारा आहे. १७५१च्या तहाने बंगालच्या नवाबाने वार्षिक १२ लाख रुपये चौथाई मान्य केली, ती या होरपळीची किंमत होती. कुणाचे धान्य गेले हे न दाखवता केवळ खजिन्यातला आकडा वाढवणारा खेळ आणि तसाच लिहिलेला इतिहास, यांत फरक कितीसा?

आणि असा फरक करण्याची साधने तर आपल्यापाशी आहेत. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड प्रसिद्ध केले. सरदेसायांनी १९३०च्या दशकात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्या पत्रांतला सेनापती क्वचितच शौर्याबद्दल लिहितो. तो लिहितो कर्जाबद्दल, वैरणीबद्दल, थकलेल्या पगाराबद्दल, न आलेल्या कुमकेबद्दल.

'नेपोलियन'नंतर ही मालिका पुन्हा जपानकडे (२०११) आणि पुन्हा रोमकडे (२०१३) गेली. २०१९ मध्ये तिने चीनच्या तीन राज्यांची कथा घेतली आणि तीत सरदारांचे परस्परसंबंध हाच खेळाचा कणा केला. म्हणजे असे करणे अशक्य नव्हते. दख्खनचा असा भाग कधी निघेल न निघेल. तो निघाला तर त्याची पहिली पाळी तोफेच्या गोळ्याने सुरू होऊ नये. एखाद्या मोडी पत्राने व्हावी : फौज उपाशी आहे, सावकार दारात बसला आहे, आणि शेजारचा सरदार येतो म्हणाला होता, तो अजून आलेला नाही.