पाच सेकंदांचा इतिहास

भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या घरी, एका जुन्या संगणकावर आम्ही लिनक्स बसवून ठेवले आहे. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा पुतण्या तक्रार घेऊन आला. “काकाजी, पान लवकर उघडूनच नाही राहिलं. अन् उघडलं की मग भराभर येते.” परीक्षेचा अर्ज भरताना दर पानाला हाच खोळंबा होई. शेवटी मुदत संपल्याचे सांगून संकेतस्थळ त्याला बाहेर काढी. अर्जाची अखेरची तारीख तीन दिवसांवर आली होती.

आम्ही घड्याळ लावले. खोळंबा पाच सेकंदांचा भरला. पुन्हा मोजला, पुन्हा पाचच. तार खराब असती तर कधी दोन, कधी नऊ सेकंद लागले असते. नावाऐवजी संगणकाचा अंकी पत्ता दिला, तर उत्तर तत्काळ येई. म्हणजे रस्ता मोकळा होता. वेळ जात होता तो नावावरून पत्ता शोधण्यात.

हा शोध लागतो कसा, यासाठी थोडे मागे जायला हवे. आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अमेरिकेतील अर्पानेटवर सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळी. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचे आणि बाकीच्यांनी सुधारलेली यादी उतरवून घ्यायची. संगणक शेकड्यांत गेले, तशी यादी उतरवून होईपर्यंत शिळी होऊ लागली. (त्या यादीचा वंशज, ‘होस्ट्स’ नावाची छोटी फाइल, आजही प्रत्येक लिनक्स संगणकात असते.)

१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी एकच मोठी यादी ठेवण्याची पद्धत मोडीत काढली. त्यांची योजना आपल्याला परकी वाटू नये. आपण पत्ता लिहितो तो ‘मु. पो. अमुक, ता. साकोली, जि. भंडारा’ असा, लहानाकडून मोठ्याकडे. संगणकाचे नावही तसेच असते. वाचायचे मात्र शेवटाकडून. सर्वांत वरचा नावाड्या एवढेच सांगतो, की ‘डॉट इन’वाल्यांना विचारा. ते पुढच्याचे ठिकाण सांगतात. संपूर्ण यादी कोणाकडेच नसते. प्रत्येक जण आपापल्या शिवारापुरते जाणतो. एकदा मिळालेले उत्तर काही काळ लक्षात ठेवायचे, म्हणजे दर वेळी वरपर्यंत जावे लागत नाही. भारताचे ‘डॉट इन’ १९८९ मध्ये नोंदले गेले आणि २००४ अखेरपर्यंत ती वही मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने सांभाळली. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. वही त्याच्या सहा वर्षे आधी उघडली होती!

हे प्रश्न सहसा साध्या टपालासारखे जातात, पोचपावती नसते. उत्तर आले नाही, तर प्रश्न हरवला की उत्तर, हे विचारणाऱ्याला कळत नाही. मग किती थांबायचे? लिनक्समधील नाव शोधणारा भाग, वेगळे सांगितले नसेल तर, पाच सेकंद थांबतो आणि पुन्हा विचारतो. आमचे पाच सेकंद असे सापडले!

पण उत्तर हरवत का होते? पहिला संशय बंद पडलेल्या नावाड्यावर. ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये दोन पत्ते होते. ‘डिग’ आज्ञेने दोघांना विचारले; दोघेही क्षणात बोलले. इथे आम्ही तासभर अडलो. मग लक्षात आले, की ‘डिग’ एका वेळी एकच प्रश्न विचारते. ब्राउझर विचारतो दोन, कारण पत्ते आता दोन प्रकारचे आहेत: जुने ३२ बिटांचे आणि नवे १२८ बिटांचे. २००८ पासून लिनक्समधील मूळ लायब्ररी हे दोन्ही प्रश्न पाठोपाठ धाडते, पहिल्याच्या उत्तराची वाट न पाहता. काही घरगुती राउटरांना हे झेपत नाही. ते एकाला उत्तर देतात आणि दुसरा प्रश्न गिळतात.

‘टीसीपीडंप’ने ये-जा पाहिली. प्रश्न दोन गेले, उत्तर एक आले, मग पाच सेकंद शांतता. फाइलमध्ये ‘ऑप्शन्स सिंगल-रिक्वेस्ट’ एवढी ओळ घातली, म्हणजे एकाचे उत्तर आल्यावरच दुसरा विचारायचा. पान लगेच उघडले. पुतण्याने त्याच संध्याकाळी अर्ज भरला.

दुसऱ्या दिवशी वीज जाऊन आली आणि खोळंबा परतला. ही फाइल जोडणी सांभाळणारा प्रोग्राम स्वतःच पुन्हा लिहितो, हे आम्ही विसरलो होतो. ती ओळ मग त्याच्याच मांडणीत नोंदवावी लागली.