३१ मेच्या निवृत्तीची कुळकथा

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत ३१ मे हा निरोपसमारंभांचा दिवस. शाल-श्रीफळ, हार, भाषणं यांची नुसती रीघ लागते. कारण निवृत्त होणाऱ्या अनेकांच्या सेवापुस्तकात जन्मतारीख एकच असते: १ जून.

शाळा जूनमध्ये भरायची. आईबापांना मुलाचा जन्म ‘दुष्काळाच्या साली, पोळ्याच्या आसपास’ एवढाच आठवायचा. मग गुरुजी प्रवेशापुरतं वय बसेल असं साल धरून दाखल्यावर १ जून लिहून टाकायचे. ज्या महिन्यात निवृत्तीचं वय पूर्ण होतं त्या महिन्याअखेर सेवा संपते. जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याअखेर. म्हणून ३१ मे.

वयाचा आकडा मात्र सरकार आपल्या गरजेप्रमाणे बदलत आलं. इंग्रजी अमदानीत, १९२२च्या मूलभूत नियमांत, तो सर्वसाधारणपणे ५५ होता. चीन युद्ध थांबताच, डिसेंबर १९६२पासून, केंद्राने तो ५८ केला. पाचव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर मे १९९८मध्ये ६० झाला. दिल्लीतला कारकून असो की परदेशातला राजदूत, दोघांनाही हाच नियम. परराष्ट्र सचिवासारख्या मोजक्या पदांना मुदतवाढीची सोय. उलटंही घडलं. १९८३मध्ये आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने वय ५८वरून ५५वर आणलं आणि अनेकांना अचानक घरी बसावं लागलं. महाराष्ट्रात ते ५८ आहे, चतुर्थ श्रेणीला ६०; सरसकट ६० करा, ही संघटनांची जुनी मागणी.

सर्वांना एकच वय, ही पद्धत मला रास्त वाटते. साहेबाच्या मर्जीवर कुणाची नोकरी लांबत नाही आणि तरुणांना जागा कधी रिकामी होणार हे आधीच कळतं. अन्याय होतो तो कागदावरच्या तारखेने. नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत ती दुरुस्त करून घेतली नाही, तर पुढे सहसा दाद लागत नाही. आणि ज्यांच्या घरी जन्माचा कागदच नव्हता, त्यांनी पुरावा आणायचा कुठून? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९मध्ये आला. त्याप्रमाणे बाळाचा जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो. पाड्यावर, वस्तीवर, ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या बाळाचीही ती नोंद झालीच पाहिजे.