जम्परपासून अंगठ्याच्या मशीनपर्यंत

संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण ड्रायव्हरमार्फत कार्यप्रणालीशी बोलते. दोन ड्रायव्हरांनी एकाच साधनावर हक्क सांगितला की काम अडते. सुरुवातीच्या पीसीत हे साधन म्हणजे इंटरप्ट, प्रोसेसरला हाक देण्याची तार. 1981च्या आयबीएम पीसीत अशा 8 तारा होत्या. 1984च्या एटीत दुसरी चिप आल्यावर वापरण्याजोग्या 15 झाल्या. कॉम1 आणि कॉम3 यांच्या वाट्याला मात्र 4 क्रमांकाची तार एकत्रच आली. एकावर माउस, दुसऱ्यावर मोडेम असला की फोन लागताच माउस थिजे. मग खोका उघडायचा, कार्डावरचा तार निवडणारा जम्पर हलवायचा आणि मशीन पुन्हा चालू करायचे. देवनागरीसाठी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्डही असेच खोक्यातल्या खाचेत बसवावे लागे.

1995च्या विंडोजने प्लग अँड प्ले आणले आणि वाटपाचा निवाडा कार्यप्रणालीकडे गेला. पीसीआय कार्डे एकच तार वाटून घेऊ लागली. 2001च्या एक्सपीत नवा ड्रायव्हर बिघडला तर जुन्यावर परतण्याची सोय झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमामुळे शहापूर, मुरबाडसारख्या तालुक्यांत संगणक शिकणाऱ्यांची पिढी घडली.

आज तिथल्या सेवा केंद्रांत तंटा अंगठ्याच्या मशीनचा असतो. आधार प्राधिकरणाने 2017 मध्ये नोंदणीकृत उपकरणे सक्तीची केली. ड्रायव्हरसोबत आरडी (नोंदणीकृत उपकरण) सेवा बसवावी लागते आणि ती 11100 ते 11120 यांपैकी मोकळे पोर्ट, म्हणजे ॲपशी बोलण्याचा क्रमांकित मार्ग, धरते. नवे मशीन घेतले, पण जुन्या कंपनीची सेवा तशीच राहिली, तर पहिल्या पोर्टवरून तीच उत्तर देते: उपकरण तयार नाही. ठसा मागणारे ॲप तिथेच थांबले की पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठी डोळखांब किंवा टोकावड्याहून आलेल्या शेतकऱ्याची एसटीची फेरी वाया जाते. आधीच कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. त्यात ही अडचण अन्यायाचीच आहे.

उपाय साधा आहे. जुने मशीन काढून त्याची सेवा थांबवावी, सेवा आणि ड्रायव्हर दोन्ही विस्थापित करावे, संगणक पुन्हा चालू करून मगच नवे मशीन जोडावे. तारांचा निवाडा कार्यप्रणाली करते. या पोर्टांचा शोध मात्र ॲपकडे सोपवला आहे. सगळी पोर्टे तपासून ‘तयार’ सांगणारी सेवा निवडणारे ॲप असेल, तर दोन कंपन्यांची मशीनेही एकाच संगणकावर नांदतात.