ॲटिकस आधी कसा होता?

दहावीच्या सुट्टीत 'टू किल अ मॉकिंगबर्ड' वाचली आणि ॲटिकस फिंच मला बाबांपेक्षा मोठा वाटू लागला. अलाबामातल्या एका गावात खोट्या आरोपात अडकलेल्या कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सनची बाजू कोर्टात मांडणारा गोरा वकील! मग २०१५मध्ये 'गो सेट अ वॉचमन' आली. छोटी स्काउट त्यात २६ वर्षांची आहे आणि तिचा हाच बाप वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या बैठकीत बसलाय. फसवल्यासारखं वाटलं. पुस्तक मिटून ठेवलं.

पण खरा क्रम उलटा आहे. हार्पर लीने 'वॉचमन' आधी लिहिली. १९५७मध्ये ते हस्तलिखित वाचून संपादक टे हॉहॉफ यांनी तिला स्काउटच्या लहानपणावर लिहायला सुचवलं. त्यातून १९६०ची 'मॉकिंगबर्ड' घडली. म्हणजे माणूस आधीच होता, देव नंतर झाला.

हे कळल्यावर 'मॉकिंगबर्ड' पुन्हा उघडली. तिथेही ॲटिकस मुलाला सांगतो, की कू क्लक्स क्लॅन ही मुख्यतः राजकीय संघटना होती. पहिल्या वाचनात हे मला खटकलंच नव्हतं. स्काउट गोष्ट सांगत होती आणि मी तिच्याच उंचीवरून बघत होतो.

टॉमचा खटला मात्र तो जीव ओतून लढला, हेही खरंच.

हल्ली बाबांची बरीच मतं मला पटत नाहीत. आम्ही भांडतो. पण चुकीला तोंडावर चूक म्हणायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलोय.