गोल यंत्रावर विणलेले पट्ट्यांचे पायमोजे

पेडणे आणि डिचोलीच्या दमट हवेत लोकरीच्या मोज्यांचे काम सहसा पडत नाही. पण आपल्या अनेक घरांतली मुले आता थंड देशांत राहतात. मोपाहून विमानाने जाणाऱ्या बॅगेत लाडवांसोबत घरचे मोजेही असावेत असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

यंत्र : हाताने फिरवायच्या या यंत्रात नळकांड्याभोवती साधारण ६० किंवा ७२ सुया उभ्या असतात. प्रत्येक सुईला आकडा आणि उघडझाप करणारी जीभ असते. अशा सुईचे पेटंट मॅथ्यू टाउनसेंड यांनी इंग्लंडमध्ये १८४७ साली घेतले. दांड्याच्या फिरण्याने सुया ओळीने एकेक टाका घेतात. विणलेली नळी खाली लटकवलेल्या वजनाने ताणलेली राहते. पहिल्या महायुद्धात कॅनडा-अमेरिकेतील बायकांनी सैनिकांसाठी अशाच यंत्रांवर मोजे विणले.

पट्टे : फेऱ्या मळसूत्रासारख्या चढत असल्याने रंग बदलतो तिथे एका ओळीची पायरी दिसते. म्हणून रंग नेहमी एकाच सुईपाशी, पोटरीच्या मागच्या बाजूला बदलावा. कुणबी साडीतली लाल-पांढरी जोडी निवडल्यास लाल लोकर आधी भिजवून रंग जातो का ते पाहावे. प्रत्येक पट्ट्याच्या फेऱ्या वहीत लिहून ठेवल्या, तरच दुसरा मोजा पहिल्याशी जुळतो.

टाच : खरी कसोटी इथे लागते. ६० पैकी ३० सुया वर उचलून कामाबाहेर ठेवतात आणि उरलेल्या ३० वर दांडा पुढे-मागे फिरवतात. प्रत्येक वळणाला एक सुई उचलत मधल्या १० उरेपर्यंत जावे; मग एकेक सुई परत खाली घ्यावी. टाचेला सतत वजन हवे, नाहीतर टाके सुटतात. बोटांकडचा भागही असाच विणून शेवटी सुईदोऱ्याने शिवतात.

माप आणि निगा : बुटाचा नंबर न विचारता पावलाची लांबी मागवावी. मोजा ताणतो, म्हणून लांबी सुमारे दहाव्या हिश्श्याने कमी ठेवावी. पावसाळ्यात सुया गंजतात. त्यांना शिलाई मशीनचे तेल लावून यंत्र झाकून ठेवावे. विणण्याआधी तेल पुसून थोडी टाकाऊ लोकर विणावी, म्हणजे मोज्यावर डाग पडत नाहीत.

पहिल्या जोडीची टाच बिघडली तर तेवढीच उसवून पुन्हा विणावी. ती हाताला बसली की बाकीचा मोजा सोपा आहे.